जतनपत्रातल्या चाळीस जागा

"सदतिसावी! बघा, मला सदतिसावी टाकलीय. कुत्रं पस्तिसावं आणि सख्खी आत्या सदतिसावी."

छायाताईंना हळू बोलता येतं, असा त्यांचा स्वतःचा समज आहे. स्वयंपाकघरात नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी हे सांगितलं, आणि दोन हात अंतरावर उभं राहून पोहे हलवणाऱ्या कांचनला ते शब्दन्‌शब्द ऐकू आलं. विलासराव म्हणाले, "अगं, कुत्रं घरात राहतंय. आपण कराडला राहतो."

"मग काय रोज येऊन भुंकून जाऊ?"

कांचननं हसू दाबलं आणि पोह्यांवर जरा जास्तच खोबरं पेरलं. नणंद रागावली की खोबरं वाढवायचं, हे तिला वीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. पण आज खोबऱ्यानं भागेल असं दिसत नव्हतं. बाहेर सोप्यात दहा-बारा माणसं सतरंजीवर बसली होती, कांचनचे सासरे आबा कागद-पेन घेऊन मधोमध, आणि यादी अजून पुरी झालेली नव्हती.

बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, तोडकरांच्या घरात लग्न निघालं. तसं काही नव्हतं. हणमंत आणि कांचन तोडकरांची एकुलती एक मुलगी शरयू, वय वर्षं सतरा आणि आठ महिने, जोडपदवीला अर्ज करत होती.

जोडपदवी म्हणजे पदवीची चार वर्षं आणि पदव्युत्तर एक, अशी पाच वर्षं सोळा महिन्यांत. पहिली तुकडी निघाली तेव्हा तासगावात सगळे म्हणाले, अभ्यासक्रम कापला असणार, उसाच्या शेंड्यासारखा वरचा वरचा. पण त्या तुकडीतली पोरं कामाला लागली आणि जुन्या पद्धतीनं शिकलेली माणसं त्यांच्यापुढं पाटीवर मुळाक्षरं गिरवल्यासारखी दिसायला लागली. मग हळूहळू नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीखाली एक ओळ यायला लागली, 'जोडपदवी आवश्यक'. पाच वर्षांच्या पदवीचे वर्ग एकेक करून मिटले. तासगावच्या कॉलेजात विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आता बेदाण्याची खोकी ठेवतात. हणमंतच कोल्ड स्टोरेजमधून ती आणून टाकतो, म्हणून घरात हे सगळ्यांना ठाऊक.

आणि शरयूला द्राक्षाच्या पानांचं वेड. दावण्या रोग पानाच्या कुठल्या बाजूनं शिरतो, पान आपलं दार कसं लावून घेतं, काही वेली का वाचतात. दहावीत असताना तिनं आईच्या मिरची कांडायच्या डंकाच्या मागच्या खोलीत चाळीस कुंड्या मांडल्या होत्या आणि कांचनची मिरची तीन दिवस उन्हात पडून राहिली होती, कारण मुलीनं चाळणीची जाळी कुंड्यांवर टाकली होती. त्या पोरीला 'राहू दे, दुसरं काहीतरी कर' म्हणणं म्हणजे वासराला 'चालू नको' म्हणण्यासारखं.

कांचन स्वतः बारावीच्या पुढं गेली नाही. तिचा चटणीचा डंक आहे, म्हणजे मिरची-मसाला कांडायचं यंत्र. फेब्रुवारी ते मे सगळं तासगाव तिच्या दारात शिंकत उभं असतं. पण हातात आलेला छापील कागद वाचल्याशिवाय तिनं कधी टाकला नाही. जोडपदवीची चौसष्ट पानांची माहितीपुस्तिका तिनं दोनदा वाचली. सांगलीला पालकांची सभा झाली तेव्हा तीनशे पालकांत प्रश्न विचारणारी ती एकटी होती.

त्या सभेत एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी फार सोपं करून सांगितलं. लहान मूल दोन वर्षांत अख्खी भाषा शिकतं, व्याकरण न शिकवता. का, तर त्याचा मेंदू ओला असतो. पुढं वय वाढतं तसं मेंदूतल्या काही पेशींभोवती साखर आणि प्रथिनांची एक बारीक जाळी विणली जाते. जाळी बसली की शिकलेलं घट्ट होतं, हलत नाही. पण नवीन शिकणं अवघड होतं, तेही तिच्यामुळेच. संस्थेनं शोधलेलं औषध नाकात फवारतात, पंधरा दिवसांतून एकदा. त्यानं ती जाळी सैल होते. सोळा महिने सैल ठेवायची, मग औषध बंद, जाळी आपोआप पुन्हा विणली जाते. त्या सोळा महिन्यांत अठरा वर्षांचं पोर रसायनशास्त्र असं शिकतं, जसं बाळ आईची भाषा शिकतं.

"सिमेंटचा कोबा असतो ना," मॅडम म्हणाल्या, "वाळला की त्यावर काही उमटत नाही. आम्ही तो थोडा वेळ पुन्हा ओला करतो, एवढंच."

कांचननं हात वर केला. तिच्या डंकाच्या दारात सिमेंटची पायरी आहे. ती ओतली त्या दिवशी शरयू सव्वा वर्षाची होती. गवंडी जेवायला गेला तसं कांचननं तिला काखेत धरून अलगद खाली टेकवलं आणि एक पाऊल उमटवून घेतलं. उजवं. करंगळी जरा बाहेर गेलेली.

"कोबा पुन्हा ओला केला," कांचननं विचारलं, "तर आधी उमटलेलं पाऊल राहतं का, मॅडम?"

मॅडम हसल्या. "फार छान प्रश्न. त्यासाठीच तर जतनपत्र आहे."

जतनपत्र म्हणजे चाळीस आठवणींची यादी. मेंदू ओला असताना ज्याची रोज उजळणी होते ते टिकतं, बाकीचं पुसट होत जातं. "पुसलं जात नाही हं, पुसट होतं," मॅडम तीनदा म्हणाल्या. विद्यार्थ्याला रोज सकाळी अर्धा तास डोक्याला टोप घालून बसवतात आणि त्याच्या चाळीस आठवणी दाखवतात, ऐकवतात, हुंगवतात. एकेकीला पाऊण मिनिट. चाळीसच का, तर अर्ध्या तासात तेवढ्याच बसतात.

आणि एक 'जुळणी' असते. यादी भरली की पडद्यावर टक्के दिसतात. पंचाहत्तरच्या खाली जुळणी असेल तर अर्ज पुढं जात नाही. काही आठवणी जड असतात, मॅडम म्हणाल्या. त्या ओल्या कोब्यात खोल रुततात, शेजारची जागा खातात, अभ्यासाला जागा उरत नाही.

मागून कुणीतरी विचारलं, "जड म्हणजे कसल्या?"

"ते प्रत्येकाचं वेगळं असतं," असं म्हणून मॅडमनी पुढचं चित्र लावलं. त्यात एक मुलगी पदवीची टोपी उडवत होती.

तर ती ही यादी.

आता शहाण्या माणसांनी काय केलं असतं? पोरीला एकटीला बसवलं असतं आणि म्हटलं असतं, बाई, तुला काय ठेवायचंय ते ठेव. पण तोडकरांच्या घरात चाळीस नावांची यादी म्हटल्यावर आबांचा हात आपोआप लग्नपत्रिकेच्या वळणावर गेला. त्यांनी सर्वांत वर कुलदैवत लिहिलं. मग स्वर्गवासी आजी. मग स्वतः. मग थोरले काका, मधले काका, पलूसचे मामा. मग मुलगी सांगेल ते.

"आबा, माणसांची नावं नाही लिहायची," शरयू म्हणाली. "आठवण लिहायची. काहीतरी घडलेलं."

"मग घडलेलं लिही की. मधल्या काकानं तुला सायकलवरनं पाडलं होतं."

"ते ठेवायचं?"

"नाव राहिलं की माणूस तुटतंय, शरयू. तुझ्या बापाच्या लग्नात सावर्ड्याच्या तुकाराम पाव्हण्याचं नाव पत्रिकेत राहिलं. वीस वर्षं झाली, अजून आपल्या दारात पाणी पीत नाहीत."

शरयू लॅपटॉपवर टाइप करत गेली. तिनं स्वतःहून मागितलं ते फार थोडं. ढब्बू कुत्रा. मावळतीला द्राक्षाच्या मांडवाखाली पडणारा उजेड. पानाखाली पहिल्यांदा दिसलेली पांढरी बुरशी. आणि आईच्या चार. आईची हाक, डंकाच्या दारातून अख्ख्या गल्लीत ऐकू जाणारी. आईच्या पदराचा वास, त्यात भाजलेलं खोबरं आणि ब्याडगी मिरची. गोवरात आई तिच्या अंगाला कडुलिंबाचा पाला फिरवायची तो. आणि पायरीवरचं पाऊल. ते तिला खरं तर आठवत नव्हतं, पण आईनं इतक्यांदा सांगितलं होतं की आठवण झाली होती.

यादी पुरी झाली. पडद्यावर जुळणी आली, अठ्ठावन्न.

सोप्यात चुळबुळ झाली. आणि नेमकं तेव्हाच छायाताईंनी आपला नंबर वाचला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

कांचन पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. "शरयू, आत्याला वर घे," ती म्हणाली.

"आई, नंबराला काही अर्थ नसतो. चाळीसही रोज दाखवतात."

"अर्थ नसतो तर मग वर घ्यायला काय जातंय तुझं?" छायाताई स्वयंपाकघराच्या पडद्याआडून म्हणाल्या.

"नवव्यावर माझं काय आहे, गोवर ना?" कांचन म्हणाली. "ते काढ. तिथं आत्यानं तुझ्या बारशाला नेसलेली साडी टाक, फोटो आहे. सदतिसाव्यावर थोरल्या काकांचं आणखी एक घाल, म्हणजे मिटलं. आई काय विसरायची गोष्ट आहे?"

घरच्या बाईनं शेवटच्या पंगतीला बसायचं असतं. तिला कुणी आग्रह करत नाही आणि तिलाही तो चुकल्यासारखा वाटत नाही. पातेल्यात उरलं तर उरलं. कांचननं तेवढ्याच सहजपणे हे केलं, आणि पडद्यावर आकडा हलला. त्रेसष्ट.

"बघा!" आबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "थोरामोठ्यांचा मान राखला की यंत्रालापण कळतंय."

छायाताईंच्या मोरपंखी साडीत एवढी ताकद असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सगळे हसले. शरयू हसली नाही. तिनं आईकडं एकदा बघितलं आणि पुन्हा पडद्याकडं.

मग पलूसच्या मामांचं निघालं. त्यांची एकच नोंद, आणि मधल्या काकांच्या दोन. कांचननं पदराचा वास दिला. अडुसष्ट. मुख्याध्यापकांनी शिफारसपत्र दिलं होतं, त्यांना कसं वगळायचं? कांचननं हाक दिली. त्र्याहत्तर. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, "आई काय विसरायची गोष्ट आहे?" आणि प्रत्येक वेळी ते वाक्य आधीपेक्षा जरा घाईनं म्हटलं जायचं.

चहा झाला. आकडा त्र्याहत्तरवर थांबला होता. यादीत आता कांचनचं एकच उरलं होतं, अडतिसाव्या जागी, पायरीवरचं पाऊल.

"दोन टक्के काय, येतील," हणमंत म्हणाला. "अजून आठवडा आहे. रविवारी पाचपर्यंत मुदत आहे." आणि तो उठून उगाच पाण्याची मोटर बघायला गेला. मोटर बंदच होती.

बुधवारी दुपारी शोभाताई माळी डंकावर आल्या. त्यांची गल्ली मागची, आणि त्यांचा ओजस जोडपदवीच्या मागच्या तुकडीतला. दोन महिन्यांपूर्वी शिक्षण संपवून तो चार दिवस घरी येऊन गेला तेव्हा गल्लीत दुसरा विषय नव्हता. किती नम्र झालाय! सगळ्यांच्या पाया पडला. चहाचा कप स्वतः विसळून ठेवला. पूर्वी ह्याच पोरानं चिंचा पाडताना तिघांची कौलं फोडली होती.

शोभाताईंनी पिशवी ठेवली. कांचननं तोलली. "किलोभरच? दरवर्षी पाच किलोची करता की हो."

"ओजस तिखट खात नाही आता."

"तिथलं सपक जेवण. होईल सवय परत."

"होईल की."

मुसळं पडायला लागली. डंक सुरू असला की तासगावच्या बायका नेमकं मनातलं बोलतात, कारण पाव फुटावरच्या माणसाशिवाय कुणाला ऐकू जात नाही. कांचननं मिरची सारत सारत विचारलं, "शोभाताई, त्याच्या यादीत तुमचं किती होतं?"

"सहा." शोभाताईंनी पदर नाकाला लावला होता. "त्याच्या तुकडीला जुळणीची अट नव्हती. सहाच्या सहा आठवतात त्याला. माझं थालीपीठ आठवतं. कुठल्या वर्षी, कुठल्या तव्यावर, सगळं सांगतो. परीक्षेत उत्तर द्यावं तसं घडाघडा."

"मग चांगलंच की."

"चांगलंच आहे." त्यांनी सांडलेली एक मिरची उचलून आत टाकली. "आला त्या दिवशी दार उघडंच होतं, कांचन. मी समोर कणीक मळत बसलेली. तो उंबऱ्याबाहेर बूट काढून उभा राहिला. आणि म्हणाला, आत येऊ का?"

कांचनचा हात थांबला.

"मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसले. तो उभाच. हातात बॅग. मी 'ये' म्हणायची वाट बघत. आणि मला काही ते म्हणता येईना गं. आपल्याच पोराला 'ये' म्हणायचं, म्हणजे..."

मिरचीचा ठसका आला, किंवा आल्यासारखं झालं. दोघी खोकल्या.

"म्हणजे काय, शोभाताई?"

"काही नाही. बाकी अगदी छान आहे तो." त्यांनी डबा पुढं केला. "यंदा लवंगी घालू नको. कुणी खाणारं नाही."

त्या गेल्यावर कांचननं डंक बंद केला. अचानक इतकी शांतता झाली की कानात दडे बसले. समोर दार, दारात पायरी, पायरीवर ते एवढंसं पाऊल, त्यात मिरचीची लाल पूड साठलेली. दारात कुणी नव्हतं. कांचननं इकडंतिकडं बघितलं आणि त्या रिकाम्या दाराला उद्देशून म्हटलं, "ये."

फार कोरडं झालं. पाव्हण्याला म्हणतो तसं.

"ये ना. ये, आत ये."

हे जास्तच गोड झालं, विमा विकणाऱ्या बाईसारखं. तिनं आणखी तीन-चार वेळा म्हणून बघितलं. मग समोरच्या किराणावाल्यानं "काय हो, कुणाला बोलावताय?" असं विचारलं तेव्हा ती "मांजर हो," म्हणाली आणि फडक्यानं पावलातली पूड पुसायला लागली.

शुक्रवारी जेवताना हणमंत म्हणाला, "नको म्हणू या का तिला?"

"म्हणा."

"मी?"

"मग कोण?"

तो भात कालवत राहिला. कोल्ड स्टोरेजमध्ये पूर्वी साठ माणसं होती, आता तीन आहेत. त्यातला एक तो. मुलीनं काय व्हायचं, यावर आपण काही बोलावं असा त्याचा आवाज राहिलेला नव्हता. "नको म्हटलं तर पोरगी ऐकेल," तो म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे. ऐकेल आणि इथंच राहील. मग रोज तिच्या तोंडाकडं बघायचं आपण."

"भाजी वाढू?"

"वाढ."

एवढंच त्यांचं त्या विषयावरचं बोलणं.

शनिवारी शरयू शाळेत दाखला आणायला गेली असताना कांचननं लॅपटॉप उघडला. कसा उघडायचा ते तिचं तिनं शिकलं होतं, विचारत विचारत. अडतिसावी नोंद समोर होती. 'आईने मला ओल्या सिमेंटवर उभे केले. पायाला गार लागले.' गार लागले, हे तिनं मुलीला कधी सांगितलेलं नव्हतं. ते पोरीचं स्वतःचं होतं. कुठंतरी खरंच राहिलेलं होतं.

कांचननं ते दोन शब्द बोटानं झाकून बघितले.

ती वेडी नव्हती. छायाताईंच्या साडीनं टक्के वाढले नव्हते, गोवर गेल्यानं वाढले होते, हे तिला पहिल्याच वेळी कळलं होतं. ते आबांनाही कळलं होतं, म्हणून त्यांनी एवढ्या जोरात थाप मारली. हणमंतला कळलं होतं, म्हणून तो मोटर बघायला गेला. सगळं घर लग्नपत्रिकेचा खेळ एवढ्या उत्साहानं खेळलं, कारण हलकी माणसं भरली की जड माणूस आपोआप बाहेर पडतं आणि कुणाला कुणाचा हात धरून काढावं लागत नाही. आणि सहा असून शोभाताईंचं काय झालं? मग एकानं काय होणार होतं? पाहिजे होते फक्त दोन टक्के.

तिनं नोंद पुसली. त्या जागी लिहिलं, 'तुकाराम पाव्हणे आपल्या दारात पाणी प्यायले.' ते अजून प्यायले नव्हते, पण यादीत नाव आल्याचं कळल्यावर पितीलच, असा तिचा अंदाज होता.

एकोणऐंशी.

शरयू परत आली, लॅपटॉपपाशी गेली, यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग ती बाहेर येऊन पायरीवर बसली. चप्पल काढून तिनं उजवा पाय त्या पावलावर ठेवला. पाऊल पूर्ण झाकलं गेलं, करंगळीसुद्धा.

"आई."

"काय गं?"

"थोडी चटणी देशील बरोबर?"

"नेऊ देतात?"

शरयूनं मान हलवली. "यादीत नसलेला वास आत नेता येत नाही."

"मग कशाला विचारतेस?" कांचन म्हणाली. पण तिनं छोटी बरणी काढली, भरली, झाकण घट्ट लावलं आणि फळीवर ठेवली. दोघींनी मिळून ती बरणी बघितली.

रविवारी चारलाच सगळे जमले. छायाताई तीच मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या, जपून ठेवलेली, घडीवर विरलेली. सावर्ड्याहून तुकाराम पाव्हणे खरंच आले होते, आणि पहिलं काम म्हणजे त्यांनी तांब्याभर पाणी मागून घेतलं. आबांचे डोळे भरून आले. वीस वर्षांचा वाद एका यादीनं मिटला होता. ढब्बू सगळ्यांच्या चपला हुंगत फिरत होता.

शरयूनं कागदपत्रं चढवली. पाच वाजायला बारा मिनिटं होती. शेवटचं पान उघडलं.

"हे काय?" हणमंतनं विचारलं.

"मी अजून सज्ञान नाही ना. पालकाचं निवेदन लागतं. तोंडी." शरयूनं पडद्याकडं बोट दाखवलं, आईकडं न बघता. "आईचं. बाबांचं चालत नाही, आई हयात असेल तर आईचंच."

पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाक्य होतं. कांचन पुढं सरकून बसली. पदर सारखा केला. वाचायला लागली.

"मी, कांचन हणमंत तोडकर, शरयूची आई. मी जतनपत्र पाहिले आहे. त्यात महत्त्वाचे काहीही..." तिनं पुढचा शब्द बोटानं शोधला, "राहिलेले नाही."

यंत्रातून एक गोड बाईमाणूस बोललं, "आवाजात संकोच आढळला. कृपया पुन्हा बोला. उरलेले प्रयत्न, दोन."

"पाणी द्या तिला," छायाताई म्हणाल्या.

"खणखणीत म्हण की," आबा म्हणाले. "उखाणा घेतल्यागत."

तुकाराम पाव्हणे हसले. विलासरावही हसले. कांचनलासुद्धा हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिनं दुसऱ्यांदा वाचलं. 'शरयूची आई' इथवर नीट गेलं. 'महत्त्वाचे' या शब्दावर आवाज असा खाली गेला, जशी विहिरीत बादली जावी.

"आवाजात संकोच आढळला. कृपया पुन्हा बोला. उरलेला प्रयत्न, एक."

आता कुणी हसलं नाही. पाच वाजायला सात मिनिटं. हणमंत भिंतीकडं बघत होता. आबा पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. छायाताईंनी तोंड उघडलं, विरलेल्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि तोंड मिटलं. सगळ्यांचं लक्ष कांचनकडं होतं आणि कुणीही तिच्याकडं बघत नव्हतं.

कांचननं ठरवलं. उखाण्याचा आवाज तिचा नव्हताच कधी. डंकावरचा आवाज तिचा. मुसळं धडधडत असतात, दारात पंचवीस बायका भांडत असतात, तेव्हा ती ज्या आवाजात ओरडते, "कुणाची मिरची? पुढं घ्या!" त्या आवाजात संकोच नसतो. यादीतून काढलेली हाक होती तोच तो आवाज. तिनं पाठ ताठ केली, श्वास भरून घेतला.

तेवढ्यात शरयूनं माइकवर तळहात ठेवला.

"थांब."

"अगं, सहा मिनिटं राहिलीत," हणमंत म्हणाला.

"बाबा, थांबा." ती आईकडं वळली. आठवडाभरात पहिल्यांदा तिनं आईच्या डोळ्यांत सरळ बघितलं. हात माइकवरून काढला नाही. "तू आता नीट म्हणशील, आई. मला माहितेय. तू म्हणशील आणि ते यंत्र घेईल. म्हणून त्याच्याआधी ऐक. ओजस आला तेव्हा मी मागच्या गल्लीतच होते, मी बघितलंय. इथं कुणीच म्हणेना, म्हणून मी म्हणते."

"शरयू," आबा हळूच म्हणाले, "राहू दे, बाळा."

"सोळा महिन्यांनी मी येईन ना, तेव्हा आत्याची साडी ओळखेन. ढब्बूला ओळखेन. तुकाराम आजोबा पाणी प्यायले, ते पण सांगेन." तिचा आवाज खणखणीत होता, अगदी डंकावरच्यासारखा. "तुला नाही ओळखणार, आई. दारात उभी राहीन आणि तुला विचारीन, आत येऊ का?"